दहा हजारात बॅकस्टेजचं किट: काय घेऊ, काय नको?

पत्र मिरजेच्या एका मुलाचं आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी मूळचा मिरजेचा, तीन वर्षं पुण्यात कॉलेजला होतो, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला दोनदा बॅकस्टेज केलं, लाइट्स ऑपरेट केले. आता एका व्यावसायिक नाटकाला लाइट असिस्टंट म्हणून लागलोय, नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे पैसे. पहिल्याच प्रयोगाला लाइटवाले दादा घोड्यावर (उंच शिडीवर) चढले, वरून म्हणाले 'पाना दे' आणि माझ्याकडे पानाच नव्हता. सगळ्यांसमोर लाज गेली. माझ्याकडे १०,००० रुपये साठलेत. ऑनलाइन एक १०८ पीसचा टूल सेट बघितलाय, ड्रिलसकट, तो घेऊ का? माझे काका डिसेंबरात अमेरिकेहून येतायत, ते लेदरमन (पक्कड, पाती सगळं एकात असलेलं घडीचं टूल) आणतो म्हणतायत, मित्र म्हणतो ते असलं की बाकी काही लागत नाही. आणि बाबा म्हणतात, हत्यारं घेतोयस म्हणजे शेवटी वायरमनच होणार का तू? — पाना नसलेला"

अरे पाना नसलेल्या,

सगळ्यात आधी ते १०८ पीसवालं कार्टमधून काढून टाक, मग पुढचं वाच. काढलंस? बरं.

मी पण घेतला होता तसला. निळी प्लास्टिकची सुटकेस, आत सगळं आपापल्या खाचेत बसवलेलं, बघूनच माणूस भुलतो. पहिल्या महिन्याचे सगळे नाईटचे पैसे त्यात गेले. मग एका प्रयोगाला पहिल्या अंकात टेबललॅम्पचा होल्डर सैल झाल्याचं लक्षात आलं, लॅम्प विंगेत होता, पुढच्या सीनला तो लागायचाच होता, म्हणून मी विंगेत अंधारात बसून सुटकेस उघडली. आधी ती खट्ट करून वाजली. मग झाकण उलटं पडलं, कारण मी ती उलटी धरली होती हे अंधारात कळायचं कसं, आणि दोन डझन सॉकेट, नटावर बसवायच्या लोखंडी टोप्या, फळीवर सांडली. त्यातलं एक घरंगळत थेट स्टेजवर, सोफ्याच्या दिशेने. आई-मुलीचा सीन चालू होता, एकदम हळवा. आईचं काम करणाऱ्या बाईंनी वाक्य न तोडता ते पायाने सोफ्याखाली सरकवलं, आणि इंटरव्हलला माझ्याकडे येऊन, एक अक्षर न बोलता, ते माझ्या तळहातावर ठेवून गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सुटकेसमधलं आज माझ्याकडे फक्त ते सॉकेट उरलंय, आणि ते मी कधीच कशालाही वापरलेलं नाही.

तर तेव्हापासून माझी एक सवय आहे. दुकानात कुठलंही टूल हातात घेतलं की मी डोळे मिटते आणि ते एका हाताने उघडायचा, चालवायचा प्रयत्न करते. दुकानदार बघत राहतो, बघू दे. आपलं निम्मं काम अंधारात असतं, उरलेलं शिडीवर असतं जिथे एक हात शिडीला धरलेला असतो, आणि प्रेक्षक दहा फुटांवर बसलेले असतात त्यामुळे आवाज चालत नाही. घरी ड्रॉवरमध्ये शोभणारं टूल आणि विंगेत उपयोगी पडणारं टूल यात हा एवढाच फरक आहे, पण तो किमतीवर किंवा ब्रँडवर कळत नाही, हातात घेऊनच कळतो. म्हणून निदान पहिली खरेदी तरी ऑनलाइन करू नकोस. पुण्यात आहेस तर रविवार पेठेत बोहरी आळीला जा, मुंबईत प्रयोग लागला की नागदेवी स्ट्रीट आहे, एक सकाळ काढ.

आता पाना. तुझी लाज त्याच्यावरून गेली म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते, आणि खरं सांगायचं तर लाइटवाल्याचं पहिलं टूल तेच आहे.

जाण्याआधी तुझ्या लाइटवाल्या दादांना विचार, तुमच्या क्लॅम्पना, म्हणजे लाइट बारला अडकवायच्या पकडींना, कुठल्या साइजचे नट आहेत. तोंडी उत्तर घेऊ नकोस, एक जुना नट मागून घे आणि खिशात टाकून दुकानात जा. आपल्याकडे भाड्याचं सामान दहा ठिकाणांहून आलेलं असतं, बहुतेक वेळा १३, १७ नाहीतर १९ चा पाना लागतो, आठ मिलिमीटरच्या बोल्टला १३, दहाला १७, बाराला १९ असा साधारण हिशोब, पण मधेच कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून मिळाला तो बोल्ट ठोकलेला असतो आणि तिथे सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून पहिला पाना अॅडजस्टेबल घे, दुकानात स्क्रू पाना म्हटलं की देतील, आठ इंची. दहा इंची घेऊ नकोस, जड होतो आणि वर लाइट टांगायच्या बारच्या मागे फिरवायला जागा मिळत नाही. आपल्या नाशिकच्या टपारियाचा घेतलास तरी चार-पाचशेत काम होतं, इंपोर्टेड काही लागत नाही. घेताना त्याचा जबडा बंद करून उजेडासमोर धर, फट दिसली नाही पाहिजे, आणि हलणारा जबडा बोटाने डुगडुगवून बघ. डुगडुगणारा पाना नटाचे कोपरे खातो, आणि कोपरे गेलेला नट हा पुढच्या प्रयोगाला दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्याला ताप असतो.

आणि पाना लावायची पण एक बाजू असते, हे मला दोन वर्षांनी कळलं, तुला आजच सांगते. जोर कायम पक्क्या जबड्यावर आला पाहिजे, हलणाऱ्यावर नाही. म्हणजे ज्या दिशेला फिरवायचंय त्या बाजूला हलणारा जबडा ठेवायचा. उलटा लावलास तर थोड्या दिवसांत जबडा ढिला होतो आणि मग आपण म्हणतो टूलच हलकं निघालं.

आता पान्याला भोक असतं मागे, बघितलंयस? ते भिंतीवर टांगायला नाहीये. त्यात मजबूत दोरी ओव आणि दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला बांध, हात पूर्ण वर जाईल एवढी लांब ठेव, त्याहून जास्त नको. बार साधारण सहा मीटरवर असला आणि पाना हातातून सुटला तर तो एका सेकंदात, सव्वा सेकंदही नाही, खाली येतो, आणि खाली पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. एका सेकंदात तू वरून "अरे सरक" एवढंपण म्हणू शकत नाहीस. खाली कोण असतं? कुणीतरी झाडू मारत असतं, कुणी मार्किंग करत असतं, नट मंडळी वाक्यं घोकत फिरत असतात. दोरी नसलेला पाना घेऊन मी कुणालाच घोड्यावर चढू देत नाही, मग तो कितीही सीनियर असो, आणि यावरून माझी दोनतीन लोकांशी कायमची भांडणं पण झालीत. तसंच वर गेल्यावर आधी लाइटची सेफ्टी चेन अडकवायची, मग क्लॅम्पच्या नटाला हात. काढताना उलटं, चेन सगळ्यात शेवटी.

टॉर्च. इथे लोक हमखास चुकतात, कारण सगळे म्हणतात मोबाइल आहे की. मोबाइलचा टॉर्च लावायला आधी स्क्रीन लागते आणि विंगेत स्क्रीन लागली की पहिल्या पाच रांगांतल्या विंगेच्या बाजूच्या लोकांना तुझा चेहरा दिसतो, निळसर, भुतासारखा. शिवाय मोबाइल दातात धरता येत नाही. बोटाएवढा छोटा एलईडी टॉर्च घे, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, चार्जिंगचा नको कारण चार्जिंगचा टॉर्च नेमका तालुक्याच्या गावी संपतो आणि पेन्सिल सेल कुठल्याही पानटपरीवर मिळतो. बटण मागच्या टोकाला हवं आणि अर्धं दाबलं की लागणारं हवं. ज्याला पाच मोड असतात, फ्लॅशिंग, एसओएस वगैरे, तो चुकूनही घेऊ नकोस. ब्लॅकआउटमध्ये टॉर्च लावायला जावं आणि तो डिस्कोसारखा फडफडावा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तोंडाशी निळ्या जिलेटीनचा (लाइटसमोर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा दोन पदरी करून चिकटव, जिलेटीनचे तुकडे प्रत्येक लाइटवाल्याच्या पेटीत तळाशी पडलेले असतात, माग, देतील.

आता टेस्टर आणि मीटर. इथे जरा थांबते, कारण बाकीच्या टूल्सनी फार तर काम अडतं, इथे माणूस जातो.

टेस्टर घेच, शंभराच्या आत येतो, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे डोक्यात पक्कं कर. टेस्टरचा दिवा पेटला म्हणजे तिथे फेज आहे, बास. व्होल्ट किती आहेत, न्यूट्रल धड आहे का, अर्थ खरोखर जमिनीत गेलीय का नुसतीच हिरवी वायर लोंबतेय, यातलं काहीही त्याला माहीत नसतं. एकदा एका गावात मैदानावर मांडव घालून प्रयोग होता, जनरेटरवर. तीन फेज आलेले, तिन्हीवर टेस्टर मस्त पेटत होता, मी खूश. लाल फेजवर आमचे हॅलोजनचे पार, म्हणजे डब्यासारखे स्टेजचे लाइट, हजार हजार वॉटचे, पिवळ्यावर थोडे, आणि निळ्या फेजवर फक्त साउंड. पहिली घंटा झाली, लाइट वर घेतले आणि पार पिवळट, मरगळल्यासारखे दिसायला लागले, आणि त्याच वेळी साउंडच्या टेबलाकडून जळका वास. मिक्सरचा अडॅप्टर गेला होता. जनरेटरच्या पेटीत न्यूट्रलचा बोल्ट सैल होता, एवढंच. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेज आपसात वाटणी करायला लागतात, ज्याच्यावर लोड जास्त तिथे व्होल्टेज पडतं आणि ज्याच्यावर कमी तिथे चढतं, २३० च्या जागी तीनशेच्या वर सहज जातं. आणि टेस्टर? तो शेवटपर्यंत तिन्हीकडे मस्त पेटत होता.

त्या दिवशी जनरेटर आणि आमच्यात कुणाची चूक यावर पहाटेपर्यंत वाद झाला, पण माझ्यापुरतं उत्तर सोपं होतं: माझ्याकडे मीटर नव्हता. दीड-दोन हजारात चांगला मल्टीमीटर येतो, तुझ्या दहा हजारातला सगळ्यात मोठा खर्च हाच कर. त्याच्यावर कॅट थ्री (मीटर किती सुरक्षित आहे त्याची खूण), ६०० व्होल्ट असं छापलेलं हवं, रस्त्यावर दोनशेला मिळतो तो पिवळा मीटर रेडिओ दुरुस्तीला ठीक आहे, थ्री फेजच्या पेटीसमोर तो धरू नकोस. पेटी उघडणं, वायरी लावणं हे लायसन्सवाल्या वायरमनचं काम आहे, ते त्यालाच करू दे, तू शेजारी उभा राहून रीडिंग माग आणि लिहून घे. प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, तिन्हीकडे साधारण सारखं. दोन फेजमध्ये ४०० ते ४१५. न्यूट्रल ते अर्थ अगदीच थोडे, दोनेक व्होल्ट. मग थोडा लोड टाकून परत एकदा, कारण सैल न्यूट्रल रिकाम्या लाइनवर पाहुण्यांसमोरच्या मुलासारखा शहाणा वागतो. आणि हो, मीटरला एक १० अँपिअरचं वेगळं भोक असतं. लाल वायर त्यात राहून गेली आणि तशीच लाइनला लावलीस तर तुझ्या हातात मीटर नाही, शॉर्ट सर्किट आहे. मी माझ्या मीटरच्या त्या भोकावर टेपच लावून टाकलाय.

टेपवरून आठवलं. टेप तीन लागतात. इन्शुलेशन टेप, तो तुला माहितीय. गॅफर टेप, काळा, कापडी, न चमकणारा, महाग असतो, एक रोल पाचशे ते हजार कितीही, पण तो निघताना चिकटा सोडत नाही आणि हाताने फाटतो. खोक्याला लावायचा चॉकलेटी टेप केबलवर लावलास तर दोन प्रयोगांत केबल गुळाच्या ढेपेसारखी होते आणि ती केबल भाड्याची असते, तिचा मालक तुझं नाव लक्षात ठेवतो. आणि तिसरा रेडियम, अंधारात चमकतो तो, पायऱ्या आणि लेव्हलच्या, म्हणजे सेटवरच्या चौथऱ्यांच्या, कडांना. रेडियमला आधी उजेड पाजावा लागतो, पडदा उघडायच्या आधी वर्किंग लाइट त्याच्यावर पडला पाहिजे, नाहीतर नट विचारतात पायरी कुठाय आणि आपण म्हणतो लावलाय की.

आता एक असं टूल सांगते जे दुकानात जाऊन विकत घ्यायचंच नाही. एलईडी लाइट्स असले म्हणजे डीएमएक्स, कंट्रोलवरून लाइट चालवणारा सिग्नल, आलाच. प्रयोगाच्या मधेच एखादा लाइट उगाच लुकलुकतो, नाचतो, रंग बदलतो आणि सगळे म्हणतात लाइट खराब, बदला. बऱ्याचदा लाइट ठणठणीत असतो. सिग्नल केबलमधून शेवटच्या लाइटपर्यंत जातो आणि पुढे वाट नसली की आपटून परत येतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची धक्काबुक्की होते. शेवटच्या लाइटला टर्मिनेटर लावला की तो तिथेच जिरतो. टर्मिनेटर म्हणजे काय, एक एक्सएलआर मेल कनेक्टर (माइकच्या केबलला असतो तसला, पिनांचा) आणि त्यात दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये सोल्डरचा डाग दिलेला १२० ओहमचा रेझिस्टर. झालं. रेझिस्टर दोनपाच रुपयांचा, कनेक्टर शंभराच्या आसपास, पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात. दोन बनव, एक स्वतःकडे ठेव, एक दादांना दे. पान्यावरून गेलेली लाज याच्याने व्याजासकट परत येईल, बघ. (माइकची केबल डीएमएक्सला लावून काम चालवणारे सगळीकडे आहेत, जवळच्या अंतराला चालतंही, पण स्टेजपासून बाल्कनीतल्या कंट्रोलपर्यंत नेलीस तर मग टर्मिनेटर पण हात जोडतो.)

त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर आकडे लिहून ठेव: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. जुन्या लाइटना आणि डिमरना डीएमएक्सचा पत्ता, म्हणजे कंट्रोलवरचा नंबर, द्यायला मागे छोट्या खटक्यांची पट्टी असते, त्या नऊ खटक्यांच्या या किमती. ३३ नंबर द्यायचाय? ३२ अधिक १, म्हणजे पहिला आणि सहावा खटका वर. मोबाइलमध्ये याची अॅप्स आहेत, पण शिडीवर एका हाताने अॅप कोण उघडणार, वही खिशात असते. वहीबरोबर पेन्सिल, पेन नको. क्यू शीटवर, म्हणजे लाइट कधी बदलायचा त्या यादीवर, क्यू रोज बदलतो आणि दिग्दर्शकाला शेवटी पहिला होता तोच हवा असतो.

बाकीचं पटापट. चामड्याचे हातमोजे, वेल्डिंगवाले वापरतात त्यातले पातळ, कारण हॅलोजन पार अर्धा तास चालला की त्याचा डबा पोळतो. हॅलोजनचा दिवा बदलताना काचेला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेवर राहतं, तो डाग जास्त तापतो आणि दिवा फुटतो, म्हणून रुमालाने नाहीतर त्याच्याच कागदात धरून बसवायचा. एक पक्कड, एक वायर कटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा एक चौफुलीचा, इन्शुलेटेड मुठीचे. पाच मीटरचा मेजरिंग टेप. चपला नाहीत, सँडल नाहीत, रबरी सोलचे बंद बूट, हे टूलमध्ये मोजत नाहीत पण मी मोजते.

हातोडी, करवत, गुण्या, कटावणी, यातलं काही घेऊ नकोस. ती सेटवाल्यांची हत्यारं आहेत आणि सेटवाल्यांच्या हातोडीला हात लावायचा नसतो, विचारूनच लावायचा, विचारलंस की तेच म्हणतील दे, मी ठोकतो. ड्रिल पण नको. ड्रिल नाटकाच्या सामानात असतंच, आणि तुझं स्वतःचं असलं की ते नाटकाच्या सामानातलं होतं, परत तुझ्या हाताला लागत नाही. सोल्डरिंग गन सहा महिन्यांनी घे, तोपर्यंत तपकीर गल्लीतला माणूस दहा रुपयात डाग देतो.

हे सगळं मिळून चार, साडेचार हजाराच्या पुढे जायचं नाही. उरलेले साडेपाच-सहा ठेव बाजूला. तीन महिने प्रयोग कर, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याकडे काय मागावं लागलं ते वहीत लिहीत जा. तीन महिन्यांनी जे तीनदा लिहिलेलं दिसेल ते विकत घे. एकाच वेळी मागितलेलं घेऊ नकोस. माझ्या वहीत या हिशोबाने आलेली पहिली वस्तू काय होती माहितीय? केसांचे रबर. केबल गुंडाळून बांधायला. कुठल्या टूल सेटमध्ये येतात ते?

कशात ठेवायचं हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो मोठा आहे. पेटी नको, कमरेचा पट्टा आणि कापडी पाऊच, इलेक्ट्रिशियन लावतात तो. आणि एकदा जागा ठरली की बदलायची नाही, पाना उजवीकडे, टॉर्च डावीकडे, मीटर पाठीवरच्या सॅकमध्ये. तुझ्या मिरजेत तंतुवाद्यवाल्यांच्या दुकानात कधी जाऊन बसलायस? गावातलाच असून गेला नसशील, आपण कुणीच जात नाही. सुट्टीला गेलास की एक दुपार बस. भोपळा मांडीवर असतो, डोळे भोपळ्यावर, आणि हात बाजूला जाऊन पटाशी उचलून येतो, परत ठेवतो, तिथेच. कारागिराकडे हत्यारं मोजून पंधरा-वीस असतील. घरी पण प्रॅक्टिस कर, रात्री दिवा बंद करून पट्टा लाव आणि आईला सांग काहीही नाव घे, पक्कड, टेस्टर, टेप. आई हसेल. हसू दे.

काकांचं लेदरमन. तुझ्या मित्राला सांग, सगळं करणारं टूल प्रत्येक गोष्ट थोडी थोडी करतं. त्याच्या पकडीने क्लॅम्पचा नट सोडायला गेलास तर नटाचे कोपरे जातील आणि तुझी बोटं पण. पण आणत असतील तर नको म्हणू नकोस, माझ्याकडे पण आहे आणि मी ते रोज वापरते, सुतळी कापायला, स्टेपल काढायला, ऐन प्रयोगात पट्टा काढून ठेवलेला असताना खिशात असतं म्हणून. शंभर डॉलरच्या वर जाणारी वस्तू आहे, स्वतःच्या पैशाने घ्यायची तर मी आत्ता घे म्हटलं नसतं. काकांना दोन गोष्टी कळव. एका हाताने उघडणारं आणा, काहींची पाती आधी पूर्ण उलगडल्याशिवाय निघत नाहीत. आणि चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत पात्याचं टूल सिक्युरिटीला काढून घेतात. आमच्या नाटकाच्या एका दौऱ्यात विमानतळावर असंच एकाचं गेलं, त्याने तिथेच बसून पाच मिनिटं शोक केला.

आणि बाबा. बाबांना सांग की वायरमन ही शिवी नाहीये. आयटीआयचा वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा आहे, आणि तुला खरंच यात राहायचं असेल तर तो किंवा इलेक्ट्रिशियनचा कर असंच मी म्हणेन, कारण लाइट डिझाइन शिकवणारे बरेच भेटतील, पण त्या मांडवातल्या पेटीसमोर उभं राहून "नाही, प्रयोग सुरू करायचा नाही" असं म्हणायला जे लागतं ते तिथे मिळतं. त्यांना हेही सांग की १८४३ ला तुमच्या शेजारच्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हाही समयांत तेल घालणारा कुणीतरी असणारच, त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण काळोखात कुणी नाटक बघितलं नसतं. हे ऐकून ते विरघळतील असं नाही. माझे बाबा अकरा वर्षांनी प्रयोगाला आले आणि येऊन विचारलं, यात तू कुठे होतीस?

शेवटचं, खरेदी करून आलास की त्याच रात्री करायचं. प्रत्येक टूलच्या मुठीवर रंगीत टेपचा एक पट्टा लाव, सगळ्यांवर एकच रंग. सेट सोडताना रात्री एक वाजता सगळ्यांचे पाने एकाच फळीवर पडलेले असतात, सगळे टपारियाचे, सगळे आठ इंची, आणि टेम्पोवाला हॉर्न मारत असतो. पिवळा घेऊ नकोस, पिवळा माझा आहे आणि आपण कधीतरी एकाच थिएटरला भेटणार आहोत.